शेजारी प्रथम, पण आमच्या मजल्यावर नको

गेल्या सप्टेंबरात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. जागा नेहमीचीच, पार्किंगमध्ये, बी विंगच्या लिफ्टसमोर. प्लॅस्टिकच्या तीस-चाळीस खुर्च्या, शिट्टी मारणारा माईक आणि समोशांचे पुडे. टँकरचं बिल, लिफ्टचा मेंटेनन्स, बिल्डरने अजून न करून दिलेलं कन्व्हेयन्स डीड हे विषय झाल्यावर सेक्रेटरी काकांनी ऐनवेळचे विषय काढले. त्यातला तिसरा ठराव असा होता: यापुढे सोसायटीतले फ्लॅट बॅचलर मुलांना आणि परदेशी नागरिकांना भाड्याने देऊ नयेत.

मागून कुणीतरी विचारलं, "आणि ती नॉर्थ ईस्टची मुलं?"

काका म्हणाले, "तीही त्यातच धरा."

हशा पिकला. मग हात वर झाले. माझाही झाला. फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे, ते साताऱ्याला असतात, म्हणून सभेला मी जातो. हात वर करताना मी फोनवर दुसरंच काहीतरी बघत होतो.

त्याच वेळी आमचा वॉचमन चहाचा ट्रे घेऊन खुर्च्यांमधून फिरत होता. तो नेपाळमधल्या अछाम जिल्ह्यातला. पंपरूमला लागून असलेल्या खोलीत बायकोसोबत राहतो. आम्ही सगळे त्याला बहादूर म्हणतो. त्याचं नाव बहादूर नाही. ठराव शब्दशः वाचला, तर आमच्या शहाण्णव फ्लॅटच्या आवारात राहणारा एकमेव परदेशी नागरिक तोच आहे. हे त्या संध्याकाळी कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं ते रात्री, झोपताना. तेव्हापासून हा लेख डोक्यात आहे.

*

"मला परराष्ट्र धोरणातलं काय कळतं" असं म्हणून हात झटकणं मला सोपं आहे. मी इंजिनिअर आहे, दिवसभर जावा लिहितो. पण परराष्ट्र धोरण आता आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वाईट लिहिलं, तेव्हा माझ्या कॉलेज ग्रुपवर निम्म्या लोकांनी मालदीवची तिकिटं रद्द केल्याचे स्क्रीनशॉट टाकले होते. त्यातल्या बहुतेकांनी तिकिटं मुळात काढलीच नव्हती. म्हणजे शेजारी देशाशी कसं वागावं, यावर आपलं मत आहे. मग त्याचा हिशेबही आपल्याला द्यावा लागेल.

सरकारी भाषेत हे धोरण दोन नावांनी चालतं. पहिलं 'नेबरहूड फर्स्ट', म्हणजे शेजारी प्रथम. २६ मे २०१४ च्या शपथविधीला सार्क देशांच्या नेत्यांना बोलावलं होतं, तेव्हापासून हे नाव रुळलं. दुसरं 'अ‍ॅक्ट ईस्ट'. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये म्यानमारची राजधानी नेपिडॉमध्ये पंतप्रधानांनी ते जाहीर केलं. त्याच्या आधी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याला 'लुक ईस्ट' म्हणत, आणि ते नरसिंह रावांच्या सरकारने आणलं होतं. हे राव रामटेकमधून दोनदा लोकसभेवर निवडून गेले होते. त्यांना उत्तम मराठी येत होतं, हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला होता. म्हणजे पूर्वेकडे पाहा, असं देशाला सांगणाऱ्या माणसाची मराठीशी चांगली ओळख होती. पूर्वेकडून आलेल्या माणसाकडे कसं पाहावं, हे मात्र मराठी शहरांनी स्वतःच शिकायचं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. या धोरणाचा कस पुण्यासारख्या शहरात लागतो, कारण शेजारी देशाचा माणूस साउथ ब्लॉकमध्ये राहायला येत नाही. तो शिकायला, राबायला, उपचार घ्यायला इथे येतो. इथे त्याला जी वागणूक मिळते, तीच त्याच्यासाठी भारताचं धोरण असते. आणि त्या परीक्षेत आपण नापास होतोय. दिल्ली नापास होतेच आहे, पण आज मला आपल्याबद्दल बोलायचंय.

*

इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात काबूलचा एक मुलगा होता. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती घेऊन आलेला. भारत सरकार दरवर्षी हजार अफगाण विद्यार्थ्यांना अशी शिष्यवृत्ती द्यायचं. फी सरकार भरायचं, राहण्याखाण्याचा भत्ता सरकार द्यायचं. होस्टेलची मुदत संपल्यावर २०१७ मध्ये त्याला घर शोधायचं होतं, आणि मराठी बोलायला कुणीतरी हवं म्हणून मी त्याच्यासोबत गेलो.

तीन शनिवार-रविवारांत अकरा घरं पाहिली. कर्वेनगर, वारजे, धनकवडी, पुन्हा कर्वेनगर. फोनवर मी बोलायचो तेव्हा घर रिकामं असायचं. आम्ही दोघं दारात उभे राहिलो की त्याच घरात मालकाचा भाचा राहायला येणार असायचा. एका आजींनी आम्हाला आत बसवलं, पोहे दिले, त्याला घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलगा गुणी दिसतो रे, पण सोसायटीवाले त्रास देतील." त्या खोटं बोलत नव्हत्या. शेवटी ब्रोकरने माझ्याकडे बघत सांगितलं, "साहेब, वेळ कशाला घालवता, कोंढव्याला बघा." कोंढव्यात घर मिळालं. डिपॉझिट मात्र सहा महिन्यांचं. त्याच बिल्डिंगमध्ये माझ्या वर्गातल्या लातूरच्या मुलांनी दोन महिन्यांचं दिलं होतं.

भारताने हेरात प्रांतात सलमा धरण बांधलं, २०१६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. काबूलमध्ये त्यांच्या संसदेची इमारत आपण बांधून दिली. झरंजपासून देलारामपर्यंत २१८ किलोमीटरचा रस्ता बांधला. त्या रस्त्याच्या कामात आपली माणसं मेली. हे सगळं माझ्या मित्राला पाठ होतं, आणि तो अभिमानाने सांगायचा. मला तेव्हा लाज वाटायची. एवढा मोठा देश परक्या वाळवंटात रस्ता बांधतो, आणि त्याच देशातल्या एका शहरात त्या रस्त्याच्या पलीकडून आलेल्या मुलाला टू बीएचके मिळत नाही.

अडचण कायद्याची होती का? परदेशी भाडेकरू ठेवला, तर मालकाने २४ तासांत एक फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, पत्ता. भाडेकराराची नोंदणी आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे भारतीय भाडेकरूलाही लागूच आहे. म्हणजे जास्तीचं काम एका फॉर्मचं. राहिला सोसायटीचा प्रश्न. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला आपला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. तिला फक्त माहिती द्यायची असते. आमचा तिसरा ठराव त्यामुळे कागदावर टिकणारा नाही. पण तो कागदासाठी केलेलाच नसतो. तो लिफ्टमध्ये नजरेने राबवला जातो.

*

आता माझी स्वतःची गोष्ट.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी घरभाड्याच्या जाहिरातींच्या एका वेबसाइटवर काम करत होतो. क्लायंटचं नाव सांगायची गरज नाही. एका सकाळी मला तिकीट आलं: घरमालकाला भाडेकरूची पसंती निवडता यावी, असा ड्रॉपडाउन हवा. पर्याय दिलेले होते. फॅमिली, बॅचलर मुलगे, बॅचलर मुली, कंपनी लीज, फक्त शाकाहारी, फक्त भारतीय. मी ते सहा पर्याय टाईप केले, डेटाबेसमध्ये कॉलम वाढवला, टेस्ट लिहिल्या आणि दुपारच्या जेवणाआधी काम संपवलं. रिव्ह्यूमध्ये एकच कमेंट आली, 'व्हेजिटेरियन'चं स्पेलिंग चुकलं म्हणून.

तोपर्यंत कोंढव्याचं घर शोधून तीन वर्षं झाली होती. 'फक्त भारतीय' टाईप करताना मला मित्राचा चेहरा आठवायला हवा होता. आठवला नाही. स्प्रिंट संपत होता.

मी काय करून ठेवलंय, हे नंतर कळलं. पूर्वी त्या मुलाला अकरा दारं वाजवावी लागली आणि अकरा माणसांना त्याच्या तोंडावर खोटं बोलावं लागलं. त्यातल्या एकीला तरी पोहे द्यावेसे वाटले. माझ्या फिल्टरनंतर त्या घराचं नावच सर्चमध्ये येत नाही. कुणी कुणाला नाही म्हणत नाही, कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. आपल्याला नाकारलंय, हेही समोरच्याला कळत नाही. आपल्या पिढीने भेदभाव संपवला नाही, त्याचा यूआय सुधारला.

*

नॉर्थ ईस्टची मुलं "त्यातच धरली" गेली, तेव्हा मला २०१२ आठवलं. मी तेव्हा शाळेत होतो. जुलैमध्ये आसामच्या कोक्राझार भागात दंगली झाल्या. ऑगस्टमध्ये पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांना गाठून मारहाण झाली. मार खाणाऱ्यांत मणिपूरची मुलंही होती. मणिपूरचा कोक्राझारशी संबंध काय? पण मारणाऱ्यांनी नकाशा पाहिला नव्हता, डोळे आणि नाक पाहिलं होतं. मग अफवांचे एसएमएस सुरू झाले. बंगळुरू आणि पुण्याच्या स्टेशनांवर गुवाहाटीकडे निघालेल्या मुलामुलींच्या रांगा लागल्या. सरकारने पंधरा दिवस घाऊक एसएमएस बंद केले, एका वेळी फक्त पाच जणांना मेसेज जायचा. तेव्हा मला त्या बंदीचं वाईट वाटलं होतं, कारण मित्रांना जोक पाठवता येत नव्हते.

दीड वर्षाने, जानेवारी २०१४ मध्ये, दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याला केसांवरून चिडवलं, मारलं, आणि तो गेला. सरकारने बेझबरुआ समिती नेमली. तिने जुलै २०१४ मध्ये अहवाल दिला आणि वंशावरून होणाऱ्या छळासाठी फौजदारी कायद्यात वेगळं कलम आणावं, अशी शिफारस केली. ते कलम अजून आलेलं नाही. अहवालानंतर चार महिन्यांनी मात्र 'अ‍ॅक्ट ईस्ट'ची घोषणा झाली, आणि तेव्हापासून प्रत्येक भाषणात ईशान्य भारत हे या धोरणाचं प्रवेशद्वार असल्याचं सांगतात.

घराचं दार म्हणजे काय, हे कुणालाही कळतं. दाराला आपण तेल देतो, उंबरठ्यावर रांगोळी काढतो. प्रवेशद्वार म्हणायचं आणि तिथल्या पोरांना पुण्यात "तुम्ही चायनाचे का" विचारायचं, हे एकत्र कसं चालेल? बँकॉकपर्यंत रस्ता न्यायचा आहे, त्याआधी चुराचांदपूरची मुलगी आपल्या जिन्यातून खाली मान न घालता जाऊ शकते का, ते बघा.

त्या रस्त्याचंही ऐका. मणिपूरच्या मोरेहपासून म्यानमारमार्गे थायलंडच्या मे सोतपर्यंत सुमारे १,३६० किलोमीटरचा महामार्ग करायचं २००२ पासून चाललंय. अजून तो पुरा झालेला नाही. दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केलं की म्यानमार सीमेवरची मुक्त ये-जा बंद करणार आणि १,६४३ किलोमीटरच्या सीमेवर कुंपण घालणार. सीमेलगतच्या लोकांना १६ किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय जायची मुभा होती, कारण तिथे एकाच घरचे लोक दोन देशांत आहेत. म्हणजे त्याच मोरेहमध्ये एका फायलीत महामार्ग आहे आणि दुसऱ्या फायलीत कुंपण. म्यानमारमध्ये यादवी आहे, मणिपूर ३ मे २०२३ पासून पेटलेलं आहे, सुरक्षेचे प्रश्न खरे आहेत, हे मान्य. पण मला यातलं प्राधान्य दिसतं. ट्रक यावा, माणूस येऊ नये. आमच्या तिसऱ्या ठरावाचं प्राधान्यही हेच आहे. भाडं यावं, भाडेकरू दिसू नये.

वेगळं वागता येतं, हे मिझोरामने दाखवलं. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर चिन लोक पळून आले. केंद्राने सीमेवरच्या राज्यांना त्यांना आत घेऊ नका असं कळवलं. मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी थेट पंतप्रधानांना लिहिलं की ही आमची रक्ताची माणसं आहेत, आम्ही पाठ फिरवू शकत नाही. गावागावांतल्या चर्चनी आणि यंग मिझो असोसिएशनने तांदूळ, कपडे, छप्पर गोळा केलं. मिझोराम हे काही श्रीमंत राज्य नाही. शेजारधर्म हा शब्द मराठीत आहे, तो पाळला त्यांनी.

*

सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या औंधच्या लष्करी तळावर बिमस्टेक देशांच्या सैन्यांचा पहिला संयुक्त सराव झाला. बिमस्टेक म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या सात देशांचा गट: भारत, बांगलादेश, भूतान, म्यानमार, नेपाळ, श्रीलंका, थायलंड. सार्क अडकून पडल्यावर भारताने या गटावर भर दिला होता. सराव सुरू व्हायला दोन-तीन दिवस उरले असताना नेपाळने सैनिक पाठवायला नकार दिला, फक्त निरीक्षक पाठवले. त्याच महिन्यात नेपाळच्या सैन्याने चेंगडूत चीनसोबत सराव केला. इथल्या चॅनेलांवर नेपाळच्या कृतघ्नपणावर चर्चा झाल्या.

२०१५ बद्दल कुणी बोललं नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला आणि भारताने तातडीने मदत पाठवली. सप्टेंबरमध्ये नेपाळने नवी राज्यघटना स्वीकारली, ती तराईतल्या मधेशींना आणि दिल्लीला पसंत नव्हती, आणि सीमेवर ट्रक अडले ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. भारत म्हणत राहिला की नाकाबंदी आम्ही केलेली नाही, आंदोलन मधेशींचं आहे. नेपाळी घरांत मात्र गॅस सिलिंडर नव्हते, भूकंपग्रस्त ताडपत्रीखाली होते. मी आमच्या वॉचमनला हे विचारलं. तो म्हणाला, त्या हिवाळ्यात आई लाकडं फोडून स्वयंपाक करायची. आणि मग लगेच म्हणाला, "छोडिए ना साहब, पुरानी बात है." हे 'छोडिए ना' तो आम्हाला सारखं म्हणतो.

भारत-नेपाळ मैत्री करार १९५० चा आहे. त्यात दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याचा, मालमत्ता घेण्याचा, व्यापार करण्याचा, फिरण्याचा सारखा हक्क द्यायचं ठरलं. म्हणून त्याला व्हिसा लागत नाही. १९४७ च्या त्रिपक्षीय करारामुळे नेपाळी गुरखे आपल्या सैन्यात येत राहिले. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, चार वर्षांची नोकरी. आम्हाला हे मान्य नाही, करारात हे नव्हतं, असं नेपाळने म्हटलं आणि भरती थांबली, ती अजून थांबलेलीच आहे. वॉचमनच्या मुलाला गोरखा रेजिमेंटमध्ये जायचं होतं. आता तो मलेशियाला जायच्या एजंटला पैसे भरतोय. दोनशे वर्षांचं नातं आपण भरतीच्या एका जाहिरातीने सैल केलं, आणि याला शेजारी प्रथम म्हणतो.

*

माझ्या काबूलच्या मित्राचं काय झालं? पदवीनंतर त्याने पुण्यातच एमबीएला प्रवेश घेतला. लॉकडाउनमध्ये घरी गेला, तिथून ऑनलाइन लेक्चर करत होता. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. त्यानंतर दहा दिवसांनी, २५ ऑगस्टला, भारत सरकारने जाहीर केलं की देशाबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द. नवा ई-व्हिसा काढा. त्याने अर्ज केला. मग पुन्हा केला. त्याच्यासारखी शेकडो मुलं होती, ज्यांची नावं भारतीय विद्यापीठांच्या पटावर होती आणि खोल्यांमध्ये सामान पडलेलं होतं. कोंढव्याच्या घरातलं त्याचं सामान मी आणि दोन मित्रांनी रिकामं केलं. एक प्रेशर कुकर माझ्याकडे आहे. सहा महिन्यांच्या डिपॉझिटमधले दोन महिन्यांचे पैसे मालकाने परत दिले.

आता तो तुर्कस्तानात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, आणि काबूलमध्ये पुन्हा दूतावास उघडायचं भारताने जाहीर केलं. राजकारणात हे करावं लागत असेल, मला कळतं. पण ज्यांच्यामुळे ती मुलं घरात कोंडली गेली, त्यांच्या मंत्र्याला येता आलं, आणि ज्याला आपण चार वर्षं आपल्या पैशाने शिकवलं, त्याचा व्हिसा आला नाही. बातमीची लिंक त्यानेच मला पाठवली. खाली फक्त हसरी इमोजी होती.

*

आता आक्षेप. मला ते तोंडपाठ आहेत, कारण सभेनंतर मी सेक्रेटरी काकांशी दोनदा भांडलोय.

पहिला, सुरक्षा. खोटी कागदपत्रं, मुदत संपूनही राहणारे, ड्रग्जच्या केसेस. आहेत. म्हणूनच तो फॉर्म आहे, पोलिसांकडे नोंद आहे. कागदपत्रं तपासा, जरूर तपासा. पण कागदपत्रं नीट असलेल्या माणसाला दारातून परत पाठवलं, की तो कागद न विचारणाऱ्या घरात जातो. मग पोलिसांना तो दिसत नाही. बंदीने सुरक्षा वाढत नाही, माहिती कमी होते.

दुसरा, "आपण काय धर्मशाळा उघडलीये का?" नाही. मी स्वार्थाचंच बोलतोय. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाल्यावर भारताने बांगलादेशींचे व्हिसा अगदी मोजके केले. कोलकात्याच्या हॉस्पिटलांत येणारे रुग्ण थांबले. मार्च २०२५ मध्ये बांगलादेशी रुग्णांचा पहिला गट उपचारासाठी चीनमधल्या कुनमिंगला गेला. आपण बंद केलेल्या दारासमोर दुसरा कुणीतरी गाडी घेऊन उभाच असतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो: "आमच्या जागेत कोणाला ठेवायचं ते आम्ही ठरवू." हेच वाक्य मुंबईतल्या एखाद्या सोसायटीने मासे खाणाऱ्या मराठी माणसाला ऐकवलं, की आपलं रक्त उसळतं. आपण हॅशटॅग चालवतो, व्हिडिओ फिरवतो, माफी मागायला लावतो. आणि ते बरोबरच आहे. मग कर्वेनगरात तेच वाक्य आपण म्हणतो, तेव्हा ते संस्कृतीचं रक्षण कसं होतं?

*

पुणे नेहमी असंच नव्हतं. फर्ग्युसन कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार होस्टेलचे रेक्टर होते. मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला होता आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती, हे त्यांनी पाहिलं. परक्या मुलांचं या शहरात कुणी नाही, हे त्यांना टोचलं. त्यातून १९७१ मध्ये सिम्बायोसिसची सुरुवात झाली, परदेशी विद्यार्थ्यांसाठीची एक संस्था म्हणून. विद्यापीठ खूप नंतरचं.

त्याच फर्ग्युसनमध्ये साठ वर्षं आधी एक माणूस पाली शिकवत होता. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. १८९९ मध्ये घरून निघाले, हातात पैसा नाही, बुद्धाचा धर्म कुठे शिकायला मिळेल एवढाच प्रश्न. पुणे, काशी, नेपाळ असं करत १९०२ मध्ये ते श्रीलंकेला पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांनी त्यांना भिक्षू म्हणून दीक्षा दिली, राहायला जागा दिली, शिकवलं. पुढे ब्रह्मदेशातल्या विहारांतही ते राहिले. तिथे कुणी त्यांना सहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं नाही. ते जे शिकले, ते त्यांनी १९१२ पासून पुण्यात शिकवलं, मराठीत लिहिलं. मराठी माणसाला पाली ग्रंथांतला बुद्ध मराठीत वाचायला मिळाला, त्यामागे शेजारच्या देशांनी एका अनोळखी गोवेकराला दिलेली खोली आहे. ते देणं आपण अजून फेडलेलं नाही.

*

ठरावाविरुद्ध मी एक अर्ज लिहिलाय. त्यात तीन ओळी आहेत. हा ठराव उपविधींशी सुसंगत नाही, तो रद्द करावा. परदेशी भाडेकरू आल्यास तो ऑनलाइन फॉर्म भरायला मालकाला मदत करावी. मी स्वतः भरून देईन, दहा मिनिटांचं काम आहे. सोसायटीच्या नोंदवहीत वॉचमनचं खरं नाव लिहावं. ते मला आता माहीत आहे, पण लेखात घालू नका असं तो म्हणाला.

शहाण्णवपैकी सात सह्या झाल्यात. काका म्हणाले, पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घेऊ. जुन्या क्लायंटलाही मी मेल केलाय, तो एक पर्याय काढा म्हणून. उत्तर आलेलं नाही. साइट अजून चालू आहे, पर्यायही चालू आहे, कोड माझाच आहे.

तुमच्या सोसायटीतही असा ठराव झालेला असेल. नसेल, तर तो न लिहिता पाळला जात असेल. इतिवृत्ताची वही मागून पाहा. सभासदाला ती पाहायचा हक्क आहे. आणि तो ठराव मंजूर झाला तेव्हा तुमचा हात कुठे होता, तेही आठवा. माझा वर होता.